‘बंदर’ आणि ‘आसरा’ : वाच्यार्थ व लक्ष्यार्थ

(द्वितीय वर्ष कला, मराठी विषय)

यंदा आम्हांला साहित्यशास्त्राच्या अभ्यासात शब्दशक्ती हा घटक आहे. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शक्ती सरांनी दोन आठवडे शिकविल्या आणि शेवटच्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहिला – बंदर. “याचा वाच्यार्थ सांगा, लक्ष्यार्थ सांगा, आणि हा शब्द तुमच्या गावच्या बोलण्यात कोठे येतो तेही सांगा,” असे ते म्हणाले. मागच्या बाकावरून कोणीतरी “माकड!” असे ओरडले. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, “ते हिंदीत. आता मराठीत या.”

माझी पाळी आली तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. बंदर हा शब्द वर्तमानपत्रात वाचला होता, भूगोलाच्या पुस्तकात पाठ केला होता. पण आमच्या गल्लीत तो कोणी उच्चारल्याचे आठवेना. तो प्रश्न घेऊन मी वसतिगृहावर आलो आणि सुटीत घरी गेल्यावर आजीलाही विचारला. प्रस्तुत लेख म्हणजे सरांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

वाच्यार्थ

बंदर हा शब्द फारसीतून मराठीत आला. इराणातील बंदर अब्बास, सौराष्ट्रातील पोरबंदर, ब्रुनेई देशाची राजधानी बंदर सेरी बेगवान, ही नावे नकाशावर शोधली म्हणजे हा एक शब्द किती किनाऱ्यांना लागला आहे हे लक्षात येते. खलाशी आणि व्यापारी जेथे गेले तेथे तो त्यांच्याबरोबर गेला.

समुद्राकाठची प्रत्येक जागा बंदर होत नाही. बंदर होण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, वारा आणि लाट अडवील अशी जमीन; मग ते समुद्रात शिरलेले भूशिर असो, बेट असो, की खाडीचे मुख असो. दुसरी, बोट तळाला टेकणार नाही एवढे खोल पाणी आणि नांगर पकडून ठेवील असा तळ. तिसरी गोष्ट म्हणजे किनाऱ्यावरची माणसे. पुस्तकात पहिल्या दोन गोष्टी सविस्तर असतात, तिसरी गृहीत धरलेली असते. या लेखात मी तिसरीबद्दलच अधिक लिहिणार आहे.

कोकणातील बहुतेक जुनी बंदरे खाड्यांच्या मुखाशी आहेत. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. आमच्या कृष्णेचे तसे नाही. ती आणि सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच डोंगरात उगम पावतात. सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. कृष्णा मात्र जवळच्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि वाई, कऱ्हाड, सांगली करीत सुमारे १४०० किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. आम्ही कृष्णाकाठची माणसे अशी समुद्राला पाठमोरी आहोत. म्हणून आमच्या बोलण्यात बंदर नाही.

तथापि साताऱ्याचा आणि बंदरांचा संबंधच नव्हता असे नाही. साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज असताना कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल होते. चिपळूणच्या बाजूने माल कुंभार्ली घाट चढून पाटण-कऱ्हाडकडे येत असे. परंतु घाटावरच्या माणसाला बंदर माहीत झाले ते राजकारणातून आणि व्यापारातून, म्हणजे जकातीचे व मालाचे ठिकाण म्हणून. वादळात सापडलेल्या माणसाचे ठिकाण म्हणून ते त्याच्या भाषेत उतरले नाही.

खलाशाला मात्र बंदराचा हाच अर्थ आधी ठाऊक असतो. डिसेंबर २०१७ मध्ये अरबी समुद्रात ‘ओखी’ नावाचे चक्रीवादळ आले. खोल समुद्रात मासेमारीस गेलेल्या केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ नौका, त्यांवरील ९५२ मच्छीमारांसह, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. त्या खलाशांची भाषा मल्याळी किंवा तमिळ, किनाऱ्याची भाषा मालवणी. त्यांचे घर शेकडो मैल दूर. पण बंदरात शिरताना भाषा आड येत नाही. बोट कोणाची, खलाशी कोणत्या जातीचा, हे प्रश्न बंदर विचारीत नाही. आधी नांगर पडतो, चौकशी मागून होते. माझ्या मते बंदराच्या वाच्यार्थातच हे गृहीत आहे.

नांगर

येथे एका शब्दाकडे वळल्यावाचून राहवत नाही. बोट जागच्या जागी धरून ठेवणारे जे लोखंडी अवजार, त्यालाही मराठीत नांगर म्हणतात आणि शेत नांगरतो तोही नांगरच. मी शेतकऱ्याचा मुलगा. ‘जहाज बंदरात नांगरले’ हे वाक्य शाळेत प्रथम वाचले तेव्हा समुद्रात बैल कसे उतरविले असतील, या विचारात मी पडलो होतो.

शेतातल्या नांगराचे नाते संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दाशी आहे आणि बोटीच्या नांगराचे फारसी ‘लंगर’ या शब्दाशी. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत येऊन एकाच रूपाचे झाले. घाटावर नांगर जमीन उकलतो, घाटाखाली नांगर बोट धरून ठेवतो. याहून विशेष म्हणजे फारसीत ‘लंगर’ याचा दुसरा अर्थ गोरगरिबांना व फकिरांना जेवण मिळण्याची जागा असाही आहे. शीख बांधवांच्या गुरुद्वारातील लंगर सर्वांना माहीत आहे. बोट धरून ठेवणारी वस्तू आणि भुकेल्याला बसवून जेवू घालणारी जागा, या दोहोंना एकच नाव मिळाले आहे.

लक्ष्यार्थ

आता लक्ष्यार्थाकडे. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, म्हणजे मुख्यार्थाला बाध येतो. मग त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ आपण घेतो. आणि तसे करण्यास रूढी किंवा काही प्रयोजन असते. लक्षणेच्या या तीन अटी. शास्त्रकारांनी यासाठी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे : गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. वस्ती पाण्याच्या प्रवाहावर असू शकत नाही, म्हणून मुख्यार्थ बाधित होतो. मग ‘गंगेवर’ म्हणजे ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घ्यायचा. नुसते ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हणण्याचे प्रयोजन असे, की त्यातून त्या वस्तीचा थंडावा आणि पावित्र्य सुचविले जाते.

इंग्रजीत बंदराचा लक्ष्यार्थ रोजच्या बोलण्यातला आहे. वादळात सापडलेल्याला कोणतेही बंदर चालते, अशा अर्थाची त्यांची म्हण आहे. ‘हार्बर’ या शब्दाचा इतिहास तर फार बोलका आहे. त्याचे जुने रूप दोन शब्दांचे बनलेले होते. एकाचा अर्थ सैन्य, दुसऱ्याचा अर्थ आडोसा. म्हणजे मूळ अर्थ सैन्याच्या मुक्कामाची जागा. पुढे तो कोणाही वाटसरूच्या मुक्कामाला लागला आणि मग जहाजांच्या मुक्कामाला. आज आपण ज्याला समुद्रावरचा शब्द समजतो तो मुळात जमिनीवरचाच. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ ‘एखाद्याला घरात ठेवून घेणे’ असा अजूनही टिकून आहे.

मराठीत आपण ‘तुझे घर म्हणजे माझे बंदर’ असे म्हणत नाही. कवितेत कोणी म्हटले तर ते कवितेपुरते. मग वादळातून सुटून सुरक्षित जागी येणे ही कल्पना आपण कशी बोलतो? याचा विचार करताना मला दिसले, की आपली भाषा समुद्राऐवजी नदीकडे गेलेली आहे.

‘काम तडीस नेले’ असे आपण म्हणतो. तड म्हणजे काठ. ‘कार्यक्रम पार पडला’ असे प्रत्येक अहवालात असते. पार म्हणजे पलीकडचा तीर. ‘प्रश्न निस्तरला’ यात तरून जाणे आहे. ‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही’ असे म्हणतो तेव्हा आपण न कळत पाण्याचा तळ शोधीत असतो. ‘दोन गोष्टींची सांगड घातली’ हा तर विद्यार्थ्यांचा आवडता वाक्प्रचार. सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन होड्या किंवा वाळलेल्या भोपळ्यांचा केलेला तराफा. ज्यांच्या गावाला पूल नव्हते ते लोक अशा सांगडीवर पुराचे पाणी ओलांडीत. आज आपण परीक्षेच्या उत्तरात सहज सांगड घालतो, पण खालचे पाणी आपल्याला दिसत नाही. या साऱ्या रूढ लक्षणा आहेत आणि त्या ज्या माणसांनी घडविल्या त्यांना नदी उतरून जाण्याची भीती रोजची होती.

नदीला बंदर नसते. तिला काठ असतो, घाट असतो, उतार असतो. आणि काठावरच्या माणसाने हात दिला तर आसरा असतो.

आसरा

आसरा हा शब्द संस्कृत ‘आश्रय’ यापासून आला. आसरा देणे, आसरा घेणे, आसऱ्याला येणे, आसरा तुटणे असे त्याचे प्रयोग आहेत. यांपैकी ‘आसरा देणे’ याकडे पाहावे. बंदर ‘असते’, आसरा ‘द्यावा’ लागतो. बंदर हे ठिकाणाचे नाव आहे. आसरा या शब्दात मात्र देणारा माणूस धरलेलाच आहे. बंदराचा जो तिसरा घटक पुस्तकात गृहीत असतो, तो मराठीने आसरा या शब्दात उघड केला आहे.

आमच्या भागात आणखी एक आसरा आहे. नदीकाठी, विहिरीजवळ, डोहाशी सात दगड मांडलेले असतात, त्यांना हळदीकुंकू वाहतात. त्या साती आसरा. हा शब्द ‘अप्सरा’ यावरून आला. त्या पाण्यात राहतात, त्यांचा मान राखावा लागतो, न राखल्यास त्या माणूस ओढून नेतात, अशी समजूत आहे. एकच रूप, दोन शब्द. एक आसरा पाण्यातून बाहेर काढतो, दुसऱ्या आसरा पाण्यात नेतात. कोशात त्यांना वेगवेगळे क्रमांक देता येतात, पण आजीच्या तोंडी ते शेजारी शेजारी राहतात. ती लहानपणी मला नदीवर सोडताना म्हणे, “आसरांच्या पाया पड, म्हंजी आसरा देत्याल.”

मुख्यार्थ खरा झाला तेव्हा

ऑगस्ट २०१९ मध्ये मी आठवीत होतो. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. कृष्णेच्या पाण्याची उंची त्या पुलाजवळ मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

आमच्या गल्लीत पाणी रात्री शिरले. आप्पांनी आधी जनावरांची दावी सोडली. सकाळी दारात कमरेइतके पाणी होते. गावात होडी एकच आणि तिच्यावर सारा गाव. तेव्हा गुऱ्हाळातली काहील आणली. ज्या काहिलीत आमच्या उसाचा रस उकळतो तिच्यात आजी, धाकटी बहीण आणि एक धान्याचे पोते असे बसविले. आप्पा आणि चुलते दोन्ही बाजूंनी पोहत काहील ढकलीत होते. मी मागची दोरी धरली होती. आजीने डोळे मिटले होते. तिची कुलस्वामिनीची मूर्ती पदरात होती. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “औंदा ओटी न्हाय भरली गं बायांनो.”

८ ऑगस्टला आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. आम्ही सुटलो होतो. ती माणसेही सुटण्यासाठीच बोटीत बसली होती. काठ काही फार लांब नव्हता. ‘तड गाठणे’ हा वाक्प्रचार मी तेव्हापासून सहज लिहू शकत नाही.

या वर्षी वर्गात गंगेवरच्या वस्तीचे उदाहरण शिकताना मला आमची गल्ली आठवली. शास्त्रकार म्हणतात, वस्ती प्रवाहावर असू शकत नाही म्हणून मुख्यार्थाला बाध येतो. त्या आठवड्यात आमची वस्ती खरोखरच कृष्णेवर होती. मुख्यार्थाला बाध आला नव्हता, लक्षणा करण्याची गरज उरली नव्हती. आणि त्यात थंडावा होता तो अंगात हुडहुडी भरण्याइतका. पावित्र्य मला दिसले नाही. शास्त्राचे उदाहरण चुकीचे आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. एवढेच म्हणावयाचे आहे, की ते कोरड्या काठावर बसून सुचलेले असावे.

आम्हांला उंचावरच्या एका गावी नेले. तेथील शाळा माणसांनी भरून गेली होती. दाराशी भिजत उभे होतो. एक गृहस्थ आले, त्यांनी आजीकडे पाहिले आणि आप्पांना म्हणाले, “म्हातारीला इथं ठेवू नका, घरी चला.” नाव नाही, गाव नाही, काही विचारले नाही. त्यांच्या घरी गेल्यावर नावे कळली. आजीच्या लक्षात आले, की हे आपल्या जातीधर्माचे घर नव्हे. तिने जन्मात अशा घरचे पाणी घेतले नव्हते. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली. घरच्या बाईंना आई भाभी म्हणू लागली होती. भाभींनी चहा आणला तो तसाच निवून गेला. कोणी आग्रह केला नाही, कोणी रागावले नाही. मध्यरात्री मी जागा झालो तेव्हा भाभी आजीजवळ तांब्या घेऊन बसल्या होत्या आणि आजी पाणी पीत होती.

सकाळी आजीने स्वतःहून सूप मागितले आणि गहू निवडावयास बसली. “फुकटचा आसरा नको, काम द्या,” असे ती म्हणाली. नऊ दिवस आम्ही तेथे राहिलो. नऊही दिवस ती दोघींच्या घरादारातल्या गोष्टी करीत धान्य निवडीत होती. दर वर्षी गणपतीच्या सुमारास ओल्या शेंगांची एक पिशवी आमच्याकडून त्या घरी जाते.

या प्रसंगाबद्दल लिहावे की नाही असा मला प्रश्न पडला होता. आजीचा कमीपणा व्हावा अशी इच्छा नाही. तिला मी लेख वाचून दाखविला. ती म्हणाली, “ल्ही. झालं ते झालं. तहान लागली व्हती.”

आसऱ्याची किंमत

आसरा देणे हे नेहमीच पुण्याचे आणि सोपे काम असते असे नाही. कायद्याच्या मराठी भाषांतरात ‘आसरा देणे’ हा गुन्ह्याचा शब्द आहे. भारतीय दंड संहितेचे २१२ वे कलम अपराध्याला आसरा देण्याविषयी होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी तो गुन्हा कायम आहे. ज्याला आसरा द्यायचा तो अपराधी आहे की नाही, हे मात्र राज्य कोणाचे यावरही अवलंबून असते.

याचे उदाहरण आमच्या परिसराइतके क्वचितच दुसरीकडे सापडेल. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हा आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी असे कितीतरी कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. इंग्रज सरकारच्या दृष्टीने ते फरारी. त्यांना जेवू घालणारे, माळ्यावर निजविणारे, पोलीस येताच मागच्या दाराने उसात पोचविणारे हेही मग गुन्हेगारच. पुढाऱ्यांची नावे आपण जयंतीला घेतो. रात्री उठून भाकरी थापणाऱ्या बायांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पण त्या नसत्या तर भूमिगतांना ‘भूमी’ कोठून मिळाली असती?

२४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले. कृष्णेला पूर होता. पाठलाग झाला, गोळीबार झाला, साथीदार मृत्युमुखी पडले आणि दादा जखमी होऊन पकडले गेले. ज्यांना आसरा देण्यास घरोघरची दारे तयार होती, त्यांना त्या दिवशी त्या दारांपर्यंत पोचता आले नाही.

बोर्डिंग

माझी आजी वसतिगृहाला बोर्डिंग म्हणते. साताऱ्यात हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी फार आहे, कारण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली येथे बोर्डिंग सुरू केले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्याआधी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी झाली होती. या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरू देत नसत त्या काळात हे घडले. आजीला जे शिकावयास महापूर यावा लागला, ते या बोर्डिंगातली दहा-बारा वर्षांची मुले रोज पंक्तीला बसून शिकत होती.

इंग्रजीत पाहिले तर बोर्डिंग याचे दोन अर्थ आहेत : बोटीवर चढणे आणि राहण्याजेवणाची सोय. दोन्हींच्या मुळाशी ‘बोर्ड’ हा शब्द, म्हणजे फळी. बोटीच्या कडेची तीही फळी, ताट मांडायचे ते टेबल तेही फळीचेच. मला हा योगायोग फार आवडला. वसतिगृहात पहिल्या रात्री झोप आली नव्हती. आई-आप्पा परत गेले होते, खोलीतील दोघे अनोळखी होते, आणि आपण येथे टिकणार की नाही ही भीती होती. आमच्या घरात मला पुस्तकातले काही सांगू शकेल असे कोणी नाही. फॉर्ममध्ये ‘पालकांचे शिक्षण’ या रकान्यासमोर काय लिहावे म्हणून मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. खोलीतल्या एका मुलाने न विचारता स्वतःच्या डब्यातली चटणी माझ्या ताटात वाढली. तेवढ्याने मला झोप आली.

व्यंग्यार्थ

वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांच्या पलीकडे जो सुचतो तो व्यंग्यार्थ. बंदर या शब्दातून मला आता दोन गोष्टी सुचतात.

पहिली ही, की बंदर हे मुक्कामाचे ठिकाण असले तरी कायमच्या वस्तीचे नव्हे. वादळ ओसरले की नांगर उचलायचा, शीड दुरुस्त करायचे आणि निघायचे. त्या नऊ दिवसांनंतर आम्ही घरी परतलो. घरात गुडघाभर गाळ होता, उसाचे पीक कुजले होते. नातेवाइकांनी सांगितले, गाव सोडा. आप्पा म्हणाले, “नांगर इथं हाय.” ते शेतातल्या नांगराबद्दल बोलत होते. मला आज त्यात दुसराही नांगर दिसतो. वसतिगृहही असेच आहे. येथून तीन वर्षांनी निघावयाचे आहे, आणि निघाल्यावर कोठे जावयाचे हे मला अजून ठरविता आलेले नाही. गावी परत गेलो तर शिकून काय केले असे लोक म्हणतील. न गेलो तर पावसाळ्यात काहिलीची दोरी कोण धरील?

दुसरी गोष्ट आजीने सांगितली. या सुटीत मी तिला विचारले, “आजी, बंदर म्हंजी काय गं?”

“ते कोकणातलं. आपल्याला काय ठावं?”

“मग समजा, बोट वादळात घावली, तर ती कुठं जाईल?”

तिने शेंगा फोडता फोडता उत्तर दिले, “कुठं म्हंजी? जिथं कोण ‘ये’ म्हणंल तिथं.”

सरांच्या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल. बंदर हा शब्द आमच्या गावच्या बोलण्यात येत नाही. त्याचा वाच्यार्थ आमच्याकडे नाही, कारण समुद्र नाही. त्याचा लक्ष्यार्थ आमच्याकडे आसरा या शब्दाने बोलला जातो. परंतु आमच्या आसऱ्याला बंदराकडून एक गोष्ट शिकावयाची आहे : नाव आणि जात विचारण्याआधी नांगर टाकू द्यावा. काही घरांना ती आधीपासून येत होती. आमच्या घराला ती ऑगस्ट २०१९ मध्ये मध्यरात्री एका तांब्याभर पाण्याने शिकविली.